नाव, गाव, फळ, नाउन

घरातली मोठी माणसं खरोखर किती शिकली आहेत, याचा निकाल चौथीच्या इंग्रजी वर्कशीटवर लागतो. वडील एम. कॉम., आई इंजिनियर, आजोबा बँकेतून साहेब म्हणून निवृत्त. तिघंही एका कागदावर वाकलेले असतात. कागदावर पाच-सहा इंग्रजी वाक्यं असतात आणि वर हुकूम असतो: प्रॉपर नाउनखाली रेघ मारा, कॉमन नाउनभोवती गोल करा, कंपाउंड नाउनला चौकट काढा. पेन्सिल मुलाच्या हातात असते, पण रेघ की गोल हे ठरवणारी समिती मागे बसलेली असते. समितीला कोरम असतो, एकमत नसतं. दर पाच मिनिटांनी निर्णय फिरतो, खोडरबर झिजतं आणि रात्री नवाच्या सुमारास गोलाला कोपरे फुटून त्याची चौकट होते.

व्याख्या मात्र सगळ्यांना तोंडपाठ असते. व्यक्ती, ठिकाण, प्राणी, वस्तू यांचं नाव ते नाउन. एकाच कुणाचं खास नाव असेल तर प्रॉपर, साऱ्या जातीला लागू पडत असेल तर कॉमन, आणि दोन शब्दांनी संसार मांडला असेल तर कंपाउंड. मुलगा कॉमन, रोहन प्रॉपर, रोहनची स्कूलबॅग कंपाउंड. इथवर कुणाची हरकत नसते.

पण जरा नीट पाहिलं तर प्रश्नातच खोट आहे. पहिले दोन प्रकार एका हिशोबाने पाडलेले, तिसरा भलत्याच. वर्गातल्या मुलांना ‘मुलगे या रांगेत, मुली त्या रांगेत आणि चष्मेवाले तिसऱ्या रांगेत’ असं सांगितल्यासारखं हे झालं. चष्मेवाली मुलगी बिचारी दोन रांगांच्या मध्ये उभी राहते. ‘स्कूलबॅग’ कंपाउंड आहे आणि कॉमनही. ‘व्हाइट हाउस’ कंपाउंड आहे आणि प्रॉपरही. मग चौकट काढायची की रेघ मारायची? चौकट काढून तिच्याखाली रेघ मारली तर चालेल का? हे विचारायला बाईंना रात्री साडेनऊला मेसेज करावा, असं वडिलांचं मत पडतं. आई नुसती बघते.

खरं तर ही सगळी विद्या आपल्याकडे शाळेत जायच्या आधीच येते. पावसाळ्यात बाहेर जाता येत नसलं की मुलं वहीत रकाने आखून ‘नाव, गाव, फळ, फूल’ खेळतात. एक अक्षर निघतं आणि सगळे त्यावर तुटून पडतात. पहिले दोन रकाने प्रॉपर नाउनचे, पुढचे दोन कॉमन नाउनचे. कुणी शिकवत नाही, तरी गावाच्या रकान्यात ‘खेडं’ असं कुणी लिहीत नाही. भांडणं होतात ती ‘गुलाब’वरून. ‘ग’ आला की एकजण गुलाब फुलात टाकतो आणि दुसरा नावात. त्याच्या एका मामाचं नावच गुलाबराव असतं. व्याकरणकारांनी यावर काय निकाल दिला असता सांगता येत नाही, पण गल्लीतला निकाल पक्का असतो: मामा खेळायला आलेला नाही, सबब गुण पाच.

आजोबांची बाजू वेगळी. त्यांच्या वेळी इंग्रजी पाचवीला सुरू व्हायचं. पहिलीपासून इंग्रजी आलं २००० साली. पाचवीला इंग्रजी शिकायचं म्हणजे आधी चार लिप्या शिकायच्या: छापील मोठी, छापील छोटी, वळणाची मोठी, वळणाची छोटी. सव्वीस अक्षरांना चार-चार सोंगं. आपल्या ‘क’ला काना, मात्रा, वेलांटी काय वाटेल ते लागेल, पण तो स्वतः कधी मोठा किंवा छोटा होत नाही. राजाच्या नावातला ‘र’ आणि रस्त्यातला ‘र’ सारख्याच उंचीचे. इंग्रजीत तसं नाही. तिथे विशेषनाम आलं की पहिलं अक्षर फेटा बांधून उभं राहतं. म्हणून आजोबांनी आयुष्यभर एकच युक्ती वापरली. अर्थाच्या भानगडीत पडायचं नाही. कॅपिटल दिसलं की रेघ मारून मोकळं व्हायचं.

युक्ती वाईट नाही, पण ती कितपत चालते ते पाहू. वर्कशीटवरच्यासारखं एक वाक्य घेतो: ‘ऑन संडे रोहन अँड हिज ग्रँडमदर बॉट मँगोज निअर द रेल्वे स्टेशन.’ वाक्य देवनागरीत उतरलं आणि फेटे आपोआप गळून पडले. आता संडे, रोहन, ग्रँडमदर आणि मँगो एकाच बाकावर बसले आहेत आणि कोण विशेष, कोण सामान्य हे डोक्यानेच ठरवायला हवं. मराठी माणूस हे रोज करतो. ‘आशा सोडू नकोस’ या वाक्यात आशा हे जगण्याचं बळ आहे की एका मुलीचं नाव आहे, हे आपण समोरच्याच्या चेहऱ्यावरून ओळखतो. ‘प्रकाश गेला’ एवढंच कानावर आलं तर वीजवाल्यांना फोन करायचा की नातेवाइकांना, हे ठरवायला आणखी एक वाक्य थांबावं लागतं. इंग्रजीत लिहिताना ही अडचण नाही, असं वाटेल. पण तिथे वाक्याचा पहिला शब्द कुठलाही असो, त्याला कॅपिटल मिळतंच. वाक्याच्या तोंडाशी उभं राहिलेलं कुत्रंही तात्पुरतं विशेष होतं आणि आजोबा त्याच्याखाली रेघ मारतात.

बरं, कॅपिटल देताना इंग्रजांनी न्याय तरी नीट करावा? वारांना आणि महिन्यांना कॅपिटल, ऋतूंना नाही. तिकडच्या उन्हाळ्याची लायकी तेवढीच असेल म्हणा. चंद्रपूरचा मे महिना एकदा पाहिला असता तर ‘समर’ची सहाही अक्षरं त्यांनी कॅपिटल केली असती. ‘मंडे’ म्हणजे मुळात चंद्राचा वार. चंद्र एरवी स्मॉल आणि त्याच्या नावाचा वार कॅपिटल. सूर्याची तीच गत. मालक साधा आणि रविवार फेटेवाला. आईचं तर विचारूच नका. ‘माय मदर’ म्हटलं की ती स्मॉल, आणि ‘माय’ काढून नुसतं ‘मदर’ अशी हाक मारली की कॅपिटल. तीच बाई, तोच चहा, तोच ओरडा. आणि यावर कडी म्हणजे ‘आय’. मी. हे नामच नाही, सर्वनाम आहे. तरी वाक्यात कुठेही आलं तरी कॅपिटल. ‘यू’ स्मॉल, ‘ही’ स्मॉल, ‘दे’ स्मॉल. ज्या भाषेत फक्त ‘मी’ मोठा असतो तिने जगावर राज्य केलं यात नवल नाही.

मागे एका काळात इंग्रजही उदार होते. स्विफ्टच्या गलिव्हरची १७२६ सालची मूळ छापील प्रत पाहिली तर साधीसुधी सामान्यनामंसुद्धा कॅपिटल लावून मिरवताना दिसतात. १७८७ची अमेरिकेची राज्यघटना तशीच आहे. तिच्या सुरुवातीला येणाऱ्या ‘लोक’ या शब्दालाही कॅपिटल आहे. पुढे हा थाट आवरला गेला. जर्मनांनी मात्र आवरला नाही. जर्मनमध्ये आजही प्रत्येक नामाला कॅपिटल मिळतं, मग तो चान्सलर असो की बटाटा. तिकडच्या चौथीतल्या मुलाला नाम कुठलं हे लांबूनच दिसतं. फक्त लिहिताना ते नाम आहे की नाही हे आधी ठरवावं लागतं, म्हणजे घरची समिती तिकडेही बसत असणार.

पण कॅपिटल हा झाला पोशाख. खरी गंमत आहे ती नामांच्या बढती-बदलीत. आपल्याकडे याचा सगळ्यात गोड पुरावा दर एप्रिलला पेटीतून येतो. अफोंसो द आल्बुकेर्क या पोर्तुगीज सरदाराने १५१० साली गोवा घेतला. आंब्याची कलमं करण्याचा नाद पोर्तुगिजांना होता आणि एका कलमी आंब्याला या सरदाराचं नाव चिकटलं, असं मानतात. अफोंसोचा आफूस झाला, आफूसचा हापूस झाला. ज्याच्या नावाने किनारपट्टी चळचळा कापायची, तो डझनाच्या भावाने हातगाडीवर आला. प्रॉपर नाउन कॉमन झालं. पुढे ज्याच्या त्याच्या पेटीत हापूस निघू लागला. परप्रांतातला आंबा देवगडच्या छापाच्या खोक्यात येऊन बसला, आणि कोकणातल्या बागायतदारांना हे कॉमनपण सोसवेना. २०१८ साली कोकणातल्या पाच जिल्ह्यांच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं. म्हणजे कायद्याने सांगितलं की हे नाव वाटेल त्याने वाटेल त्या आंब्याला लावायचं नाही. पाचशे वर्षांत एका माणसाचं नाव सामान्यनाम झालं, पिकलं आणि पुन्हा विशेषनाम झालं. आता वर्कशीटवरच्या ‘मँगो’भोवती डोळे झाकून गोल करा; पण त्याच्या आधी ‘अल्फान्सो’ लिहिलेलं असेल तर पेन्सिल जरा थांबवा.

रस्त्यावर याच्या उलट चालतं. गल्लीत पिवळं यंत्र आलं की लहान मूलसुद्धा ओरडतं, ‘जेसीबी आला!’ यंत्र कुठल्याही कंपनीचं असो, आपल्याकडे ते जेसीबीच. ही तीन अक्षरं म्हणजे जोसेफ सिरिल बॅमफर्ड या इंग्रज गृहस्थाच्या नावाची आद्याक्षरं. १९४५ साली त्याने स्टॅफर्डशरमध्ये एका लहानशा जागेत काम सुरू केलं. आपलं नाव पुढे महाराष्ट्रात अनधिकृत बांधकाम पाडायला, पाइपलाइन शोधायला आणि निवडून आलेल्या सरपंचावर गुलाल उधळायला वापरलं जाईल, हे त्याच्या स्वप्नातही आलं नसेल. माणसाचं नाव इतकं कॉमन व्हायला मोठं भाग्य लागतं. कंपन्यांना मात्र हे भाग्य नको असतं. अमेरिकेत ‘अ‍ॅस्पिरिन’ हे बायर कंपनीचं खास नाव होतं. १९२१ साली कोर्टाने ते सर्वांसाठी खुलं केलं, कारण लोक ते कुठल्याही कंपनीच्या त्याच औषधाला म्हणू लागले होते. ‘एस्कलेटर’ हे ओटिस कंपनीचं नाव १९५० साली तसंच गेलं. आपल्याकडे कोर्टाची वाट कोण बघतो? वाण्याच्या दुकानात गिऱ्हाईक सरळ विचारतं, ‘कोलगेट कुठलं कुठलं आहे?’ आणि वाणीही तितक्याच सरळपणे तीन वेगवेगळ्या कंपन्यांच्या पेस्ट पुढे ठेवतो. शाळेत मात्र ‘कोलगेट’खाली रेघ मारली तरच गुण मिळतात. वाण्याचं व्याकरण शाळेपेक्षा पुढे आहे, पण तो पेपर तपासत नाही.

सामान्यनामाचं विशेषनाम होणं आपल्याला नवं नाही. नगर म्हणजे शहर, कुठलंही. पण ‘मी नगरला चाललोय’ म्हटलं की एसटीच्या कंडक्टरला एकच गाव कळतं. जिल्ह्याचं सरकारी नाव बदलून अहिल्यानगर झालं, तरी तिकीट मागणाऱ्याचा शेवटचा शब्द होता तसाच राहिला. इतकं सोयीचं नामांतर क्वचितच होत असेल.

आता कंपाउंड. हा प्रकार मुलांना फार आवडतो, कारण त्यात तोडफोड असते. शब्द मधोमध तोडायचा आणि दोन तुकडे दाखवायचे. बटर आणि फ्लाय. पाइन आणि अ‍ॅपल. तुकडे झाल्यावर मात्र कळत नाही की लोण्याचा आणि माशीचा फुलपाखराशी काय संबंध. अननसात पाइनही नाही आणि सफरचंदही नाही. कपबोर्डमध्ये कप असतो, पण म्हणताना त्याचा ‘प’ कपाटात ठेवून यायचं आणि ‘कबर्ड’ म्हणायचं. ब्रेकफास्ट म्हणजे उपास मोडणे. एकादशीला आमच्याकडे सकाळी साबुदाण्याची खिचडी, दाण्याची आमटी आणि वर केळं असतं. उपास मोडत नाही आणि ब्रेकफास्टही चुकत नाही. इंग्रजांना हे दोन्ही एकदम जमलेलं नाही.

आपण तरी कुणाला हसावं? चहापाणी मागणाऱ्याला चहाही नको असतो आणि पाणीही. पोलीसपाटील या शब्दाचा पुढचा भाग विलायतेतून आला आहे आणि मागचा गावातलाच. पावभाजीतला पाव पोर्तुगीज. पण आपण जोडशब्द करतो तेव्हा दोघांना एका खोलीत घालून दार लावून घेतो. इंग्रजी कंपाउंडचं तसं नाही. काही जोडपी एकत्र राहतात, ‘टूथपेस्ट’. काही शेजारी शेजारी पण वेगळी राहतात, ‘बस स्टॉप’. काहींच्या मध्ये एक आडवी काडी असते, तिला हायफन म्हणतात. आणि कोण कसं राहतं याला नियम नाही, सवय आहे. ती सवयही बदलते. शॉर्टर ऑक्सफर्ड डिक्शनरीची सहावी आवृत्ती २००७ साली आली तेव्हा तिने सुमारे १६ हजार शब्दांमधले हायफन काढून टाकले. एका फटक्यात १६ हजार काड्या! काही जोडपी एक झाली, काही विभक्त. काबुली चण्याचा ‘चिकपी’ जोडला गेला. ‘आइस क्रीम’ सुटलं. ‘पॉट बेली’, म्हणजे आपली ढेरी, हीही मधली काडी काढून मोकळी झाली. ढेरीला बांधून ठेवता येत नाही हे ऑक्सफर्डला २००७ साली कळलं. म्हणजे वडिलांनी शाळेत जे बरोबर लिहून गुण मिळवले होते, ते मुलाने तसंच लिहिलं तर बाई लाल शाई वापरणार. अमेरिकेतल्या असोसिएटेड प्रेसने ‘ई-मेल’मधली काडी २०११ साली काढली आणि २०१६ साली ‘इंटरनेट’चं कॅपिटलही उतरवलं. तोवर इंटरनेट हे प्रॉपर नाउन होतं. मग एके दिवशी ते नळाच्या पाण्याइतकं कॉमन झालं, आणि नळासारखंच जायलाही लागलं.

सासूची काडी मात्र कुणी काढू शकलं नाही. मदर-इन-लॉ या शब्दात दोन हायफन आहेत आणि दोन्ही शाबूत आहेत. याचं अनेकवचन करताना समिती हमखास फसते. शेवटी ‘एस’ लावावा असं सगळ्यांना वाटतं. पण तो लागतो पहिल्या शब्दाला: मदर्स-इन-लॉ. म्हणजे कायदा एकच, सासवा अनेक. हे इंग्रजीला नेमकं कुठून कळलं असेल? चुलतसासू, मामेसासू, आतेसासू, आजेसासू अशा सगळ्या जणी एका मांडवात बसलेल्या त्यांनी पाहिल्या नसतील, पण अनेकवचन बरोबर बांधलं आहे.

ही सगळी चर्चा चालू असते तेव्हा आजोबा कपाटातून आपलं जुनं ‘रेन अँड मार्टिन’ काढून आणतात. त्याचं पुठ्ठ्याचं पान सुटलेलं असतं आणि आत कुणा वर्गमित्राची सही असते. पिढ्यान्‌पिढ्या इंग्रजीचं अंतिम न्यायालय म्हणजे हे पुस्तक. त्यातले रेन म्हणजे पर्सिव्हल ख्रिस्तोफर रेन, पूर्वी इथल्या शिक्षण खात्यात होते, कराचीच्या शाळेत हेडमास्तर होते. त्यांचं जगात नाव झालं ते ‘बो जेस्ट’ या १९२४च्या कादंबरीमुळे. वाळवंट, फ्रेंचांची परदेशी फौज, वेढा पडलेला किल्ला, बंदुका. तिकडचे लोक त्यांना याच्यासाठी ओळखतात आणि आपण ओळखतो व्याकरणासाठी. कादंबरीतल्या शिपायांना निदान पळून जायचा पर्याय असावा. खुद्द मराठी व्याकरणाची गोष्ट फार निराळी नाही. दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी १८३६ साली मराठीचं व्याकरण छापलं तेव्हा त्यांच्यापुढे इंग्रजी व्याकरणाचा साचा होता. तेव्हा विशेषनाम आणि सामान्यनाम ही भांडणं आपल्या घरात त्याच वाटेने आली आहेत, आणि दोन्ही माध्यमांच्या मुलांना सारखीच पुरतात.

शेवटच्या वाक्यापर्यंत पोचेतो दहा वाजतात. शेवटचं वाक्य मुंबईचं असतं, कारण वर्कशीट करणारीलाही कधीतरी घरी जायचं असतं: मिस्टर पाटील गाडी चुकल्यामुळे चर्चगेटला थांबले आणि मग त्यांनी विरार फास्ट पकडली. इथे समिती कायमची फुटते. ‘चर्चगेट’ दोन साध्या शब्दांचं बनलंय, म्हणून चौकट, असं आईचं म्हणणं. ते स्टेशनचं नाव आहे, म्हणून रेघ, असं आजोबांचं. तिथे सेंट थॉमस चर्चकडे जाणारा कोटाचा दरवाजा होता आणि १८६० च्या दशकात कोट पाडला तेव्हा तोही गेला. म्हणजे ज्या वस्तूचं हे नाव, ती दीडशे वर्षांहून अधिक काळ जागेवर नाही. पण नावाला त्याची गरज उरलेली नाही. हे बहुधा प्रॉपर नाउनचं सगळ्यात पक्कं लक्षण असावं, असं वडील म्हणतात. त्यांच्या तोंडून इतकं शहाणं वाक्य ऐकून सगळे क्षणभर गप्प होतात.

मग ‘विरार फास्ट’. विरार हे गाव, सबब प्रॉपर. फास्ट हे विशेषण, पण मुंबईत विशेषणाला कोण विचारतो? ‘फास्ट गेली’, ‘लोकल आली’, ‘स्लो पकडू या’. विशेषणं केव्हाच नामं होऊन फलाटावर उभी आहेत. दोन शब्द मिळून झालं, सबब कंपाउंड. रोज त्या नावाच्या कितीतरी गाड्या सुटतात, सबब कॉमन. पण ज्याला त्यातून जायचंय त्याच्या दृष्टीने जगात एकच विरार फास्ट आहे आणि तिचा दरवाजा त्याच्यासमोर आलेला आहे. गोल, रेघ, चौकट, तिन्ही करून कागद पार फाडून टाकतील की काय, अशी वेळ येते. शेवटी वडील पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर प्रश्न टाकतात. लगेच कळतं की साऱ्या सोसायट्यांमधून हीच समिती बसलेली आहे. कुणी चौकटीचं, कुणी गोलाचं. एका डॉक्टर आईने दोन परिच्छेद लिहिलेले असतात. एका काकांनी दुसऱ्याच ग्रुपवरचा शुभरात्रीचा गुलाब चुकून इथे टाकलेला असतो.

पावणेअकराला बाईंचं उत्तर येतं: ‘सॉरी पेरेंट्स, कंपाउंड नाउन या टर्मच्या पोर्शनमध्ये नाही.’

ग्रुपवर हात जोडलेल्या इमोजींची रांग लागते. तेवढ्यात एका वडिलांनी खाली विचारलेलं असतं, ‘मॅम, पोर्शन कॉमनच ना?’